आधी टोक धरायचं, मग दोरी कापायची

सोलापुरात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी रचून ठेवायची, हा विषय मी पहिल्यांदा घेतला, तेव्हा पहिले तीन आठवडे स्लाइड लावून इंग्रजीत शिकवत होते. वर्गात बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून एसटीनं येणारी मुलं, आणि बरीचशी पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. सगळी माना डोलवायची, वह्या भरायची. शंका कुणालाच नाही.

चाचणीत एकच प्रश्न जरा फिरवून विचारला: लिंक्ड लिस्टच्या मध्ये नवा नोड घाला. लिंक्ड लिस्ट म्हणजे साखळीसारखी यादी. तिच्या प्रत्येक कडीत, म्हणजे नोडमध्ये, एक आकडा आणि पुढच्या नोडचा पत्ता असतो; त्या पत्त्याला नेक्स्ट म्हणतात. बहुतेकांनी सुरुवातीला नोड घालायचा पाठ केलेला कोड उतरवून ठेवला होता. त्या रात्री पेपर तपासताना फार वाईट वाटलं. पोरांनी मेहनत केली होती, माझंच शिकवणं पोचलं नव्हतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला एका मुलीच्या मशीनपाशी थांबले. १०, २०, ३० अशी यादी, २० नंतर २५ घालायचा. स्क्रीनवर १०, २० आणि मग २५, २५, २५... थांबेचना. तिच्या दोन ओळींचा क्रम उलटा झाला होता. आधी २० च्या नेक्स्टमध्ये २५ चा पत्ता टाकला, आणि मग २० चा नेक्स्ट घेऊन २५ ला दिला. पण तोवर २० चा नेक्स्ट म्हणजे २५ च! म्हणजे २५ स्वतःकडेच बोट दाखवून उभा. ३० मेमरीत होता, पण त्याचा पत्ता कुणाकडेच उरला नव्हता.

हे फळ्यावर काढून दाखवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, पप्पांच्या मागावरचे पुठ्ठे असेच एकामागं एक ओवलेले असतेत बघा."

दुसऱ्या दिवशी ती जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, जुने पुठ्ठे घेऊन आली. तेलकट, कडा झिजलेले, दोरीनं एकमेकांना बांधलेले. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जकार्डनं १८०४ साली काढलेली ही युक्ती आपल्या चादरीवरची नक्षी विणते आणि पुढं कॉम्प्युटरच्या पंच कार्डांपर्यंत जाते, हे मी वर्गाला सांगितलं. पण मुलांचे डोळे त्या दोरीवर होते. नक्षीचा क्रम दोरीत असतो. शेवटचा पुठ्ठा पहिल्याला बांधला की नक्षी पुन्हा सुरू, म्हणजे सर्क्युलर लिंक्ड लिस्ट. मध्ये पुठ्ठा घालायचा तर काय करतात, असं विचारलं. ती चटकन म्हणाली, "नवा पुठ्ठा आधी पुढच्याला बांधायचा, मग मागची दोरी कापायची. नाही तर पुढची माळ सुटून खाली येते."

कोडच्या त्या दोन ओळी याच क्रमानं लिहायच्या असतात.

त्या दिवसापासून मी शिकवणं मराठीत आणलं. नोड, पॉइंटर (पत्ता ठेवणारा), नेक्स्ट हे शब्द तसेच ठेवले, परीक्षेत तेच लागतात. लॅबमध्ये एक नियम केला: कागदावर चौकोन आणि बाण काढल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. प्रत्येक ओळीला कुठला बाण हलला, ते खोडून पुन्हा काढायचं. वेळ खूप जायचा. डबली लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोड पुढचा आणि मागचा, दोन्ही पत्ते ठेवतो, म्हणून चार बाण हलतात, तिथं कागदं फाटेपर्यंत खाडाखोड व्हायची. स्टॅक, क्यू या पुढच्या रचना मात्र दोन दिवसांत झाल्या. ट्री या फांद्या फुटणाऱ्या रचनेपाशी रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावण्यानं, पुन्हा अडवलं, आणि शेवटचं युनिट मला घाईत उरकावं लागलं. त्याची रुखरुख आहे, तरी लिंक्ड लिस्टला दिलेले दिवस मी पुन्हाही देईन.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या सरांनी त्याच मुलीला विचारलं, या दोन ओळी उलट केल्या तर काय होईल? तिनं उत्तरपत्रिकेच्या मागं तीन चौकोन काढले, चौथा मध्ये काढला, आणि बाण ओढता ओढता बोलायला लागली.