वाइनची वही: बारोलो, सेंत-एमिलियों आणि अकलूज

मागच्या खेपेला तांबड्या रश्श्याबरोबर महागडी रेड उघडायचा उपद्व्याप केला होता. अल्कोहोल आणि टॅनिननं (म्हणजे रेडमधला तोंड आवळणारा तुरटपणा) तिखट असं भडकलं की कुणी चवीबद्दल बोलेचना. त्यामुळे या रविवारी राजारामपुरीत, मित्राच्या गच्चीवर, नुसता पाव आणि भाजके शेंगदाणे. बाटल्या तीन: इटलीची बारोलो, फ्रान्समधल्या बोर्दोची सेंत-एमिलियों ग्रां क्रू आणि आपल्या अकलूजची फ्रातेल्ली सेत्ते. तिन्ही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. वाइनवाल्यांचं रूम टेंपरेचर १६ ते १८ अंश, कोल्हापुरातला मे नव्हे. वहिनींनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून नंबर टाकले.

दोन नंबर ओतताक्षणी मला कळली. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची, त्याच्या वाइनचा रंग फिकट, कडेला विटकरी. बाकी दोन्ही जांभळाच्या रसासारख्या गडद. तरी गुण प्रामाणिकपणे दिले. तिचा वास सुकलेल्या गुलाबाचा, मागून डांबराचा (खरंच, आणि तो छान लागतो), पण घोट घेतला की कच्ची सुपारी चावल्यासारख्या हिरड्या आवळतात. एक नंबर मऊ, आलुबुखारसारखी. तीनमध्ये लाकडाचा वास जरा जास्त, पण आंबटपणा झकास, आणि सगळ्यांचे ग्लास आधी तिचेच रिकामे झाले. माझे वीसपैकी गुण: तीनला १७, एकला १६, दोनला १५.

कागद फाडला तर तीन नंबर अकलूज!

"भावा, सोलापूर जिल्ह्यानं इटली पाडली की!" मित्रानं लगेच १९७६ ची पॅरिसची चाचणी काढली, जिथं कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंचांच्या वर गेल्या. पण तिथले परीक्षक या धंद्यात मुरलेले. आमच्या चौघांतला एक तर मुळात बिअरवाला.

उरलेली बारोलो बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. सोमवारी रात्री ओतली तर सुपारी गायब, आंबट चेरी पुढं आलेली. १८ दिले. बारोलो किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात मुरल्याशिवाय विकायलाच येत नाही, आणि त्यानंतरही तिला वर्षं लागतात. मी तिला कोवळी असताना, तीही घाईघाईत, मार्क दिले होते.

पैशाचं म्हणाल तर तिच्या किमतीत सेत्तेच्या तीन आल्या असत्या. त्यातला बराच पैसा करात आणि वाहतुकीत गेला, हे पटतं. तरी परत घेईन, कारण तिचा वास अजून डोक्यात आहे. पश्चात्ताप सेंत-एमिलियोंचा. लेबलवरच्या ‘ग्रां क्रू’ या भारदस्त शब्दांना भुललो; ते तिथं प्रदेशाच्या नावातच येतात, वेगळा दर्जा ठरवून दिलेल्या वाइन म्हणजे ‘ग्रां क्रू क्लासे’. वाइन वाईट नव्हती, पण दुसऱ्या दिवशी वही उघडल्याशिवाय ती कशी होती ते आठवेना.

पुढच्या वेळी बारोलो सकाळीच डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून असलेल्या काचेच्या सुरईत, काढणार. रंग दिसू नये म्हणून मित्र स्टीलचे पेले आणतो म्हणतोय. त्याला गप्प बसवलंय.