तूच ठरवलं होतंस ना, मग आता भोग

मला एका वाक्याचा मनापासून राग आहे. "तूच ठरवलं होतंस ना, मग आता भोग." कुणी हसत म्हणतं, कुणी चिडून, कुणी अगदी प्रेमानं, पण म्हणतातच. पुण्याची नोकरी सोडून मी सोलापूरला परत आले, त्यानंतर कधी जरा दमले, वैतागले किंवा नुसतं म्हटलं की पुण्यात असते तर आज मैत्रिणींबरोबर कुठंतरी फिरायला गेले असते, की समोरून हे येतंच. म्हणजे निर्णय आपण घेतला की त्याचं वाईट वाटून घ्यायचा हक्कच संपला. मला हे पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

तर झालं असं की आमच्या अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला, मोठा नाही, मोजकेच माग. अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी हिंजवडीत होते, पगार चांगला होता, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कारखाना विकायचा, कुणाला तरी चालवायला द्यायचा, नाहीतर आमच्यापैकी एकानं यायचं. मी आले. जबरदस्ती कुणाचीच नव्हती, उलट आई नकोच म्हणत होती, "तुझं तिकडं बरं चाललंय, कशाला येतीस इकडं." पण मी नीट विचार करून आले आणि आज कुणी परत त्याच दिवशी नेऊन उभं केलं तरी मी तेच करीन.

तरीही वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे, हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. माझ्यानंतर जॉइन झालेली पोरगी आता टीम लीड आहे, तिचा फोटो दिसला की पोटात काहीतरी होतं. महिनाअखेरीला पगार खात्यात पडल्याचा मेसेज यायचा, त्याची जी एक निश्चिंती असते ती गेली ती गेलीच, आता आठवड्याला मीच पगार वाटते आणि पार्टीचं पेमेंट अडकलं की रात्री झोप नाही. स्थळांचं तर बोलायलाच नको, "मुलगी कारखाना बघते" म्हटलं की अर्ध्या घरांतून फोनच परत येत नाही. हे सगळं माहीत असूनच आले होते का? थोडं माहीत होतं, बरंचसं नव्हतं. कुणाला असतं?

आणि मिळालं ते पण सांगते, नाहीतर उगाच रडगाणं वाटेल. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक खालच्या कापडाचा, घट्ट ओढलेला, आणि दुसरा वरच्या लूपचा, सैल सोडलेला. सैल म्हणजे किती सैल हे जमलं पाहिजे, ताण थोडा बिघडला तरी लूप वरखाली होतात आणि सगळा माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, जातो. हे मला इंजिनिअर असून नीट ऐकू यायला बरेच महिने लागले, हो, ऐकू यायलाच, कारण अण्णा ते कानानं ओळखतात. संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसतात, बोलणं अजून स्पष्ट येत नाही, पण सगळे माग खडखडत असताना मध्येच डावा हात वर करून तीन बोटं दाखवतात. तिसऱ्या मागावर जाऊन बघावं तर खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. पुण्यात राहिले असते तर माझ्या बापाला हे येतं, एवढं मला कधीच कळलं नसतं. पण म्हणून टीम लीडचा फोटो बघून पोटात व्हायचं ते थांबत नाही. एकानं दुसरं फिटत नाही, दोन वेगळी खाती आहेत ती.

दुसरी गोष्ट मला सुताच्या खरेदीनं शिकवली. सुताचा भाव कधी वर जाईल कधी खाली येईल कुणाच्या बापाला सांगता येत नाही. भाव चढायला लागला म्हणून भरून ठेवावं तर पुढच्या महिन्यात उतरतो, थांबावं तर अजून चढतो. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी शहाणा नंतर येऊन सांगतोच, "मी तर म्हणत होतो." अण्णांचंच बघा. त्यांनी तरुणपणी हातात आलेली सरकारी नोकरी नाकारली आणि कर्ज काढून माग घेतले. एक्स्पोर्टचा माल जोरात होता त्या काळात सगळं नातलग म्हणायचं, काय डोकं लावलं बघा पोरानं. मग मंदी आली, विजेची बिलं वाढली, तर तेच लोक म्हणायला लागले की सरकारी नोकरी सोडणारा खुळाच. अरे पण निर्णय तर एकच होता ना, तो काय मधल्या काळात बदलला नव्हता! माणसानं त्या दिवशी हातात होतं तेवढ्या माहितीवर, मन लावून ठरवलं का, एवढंच बघायला पाहिजे, पुढं पाऊस पडला का दुष्काळ हे त्याच्या हातात कुठं होतं.

भैया चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. लहानपणी ‘चीनला गेलेले थोर डॉक्टर’ एवढंच पाठ होतं. आता मोठेपणी वाचलं तर वेगळंच काहीतरी दिसलं. १९३८ मध्ये जपान-चीन युद्ध चालू असताना काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ, तिशी पण गाठलेली नाही, मुंबईत पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. तिकडं असताना वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. बरोबरचे डॉक्टर परतू लागले, हे राहिले, आघाडीजवळ जखमींची ऑपरेशनं करत राहिले, बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, १९४१ मध्ये तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. आपण भाषणात त्याग म्हणून मोकळे होतो. मला मात्र ती वडिलांची बातमी आली त्या रात्रीचंच सारखं मनात येतं. जायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं, राहायचं पण स्वतःच ठरवलं, म्हणून काय त्या रात्री त्यांना रडू आलं नसेल? आलंच असणार. आणि सकाळी परत जखमींकडे गेले असणार. रडल्यामुळं त्यांचा निर्णय काही कच्चा ठरत नाही. शिवाय त्यांच्या आईला, पुढं बायकोला आणि त्या तान्ह्या पोराला जे सोसावं लागलं ते त्यांनी कुठं निवडलं होतं? निवडतो एक आणि किंमत घरभर वाटली जाते, याचं मला फार वाटतं. माझा भाऊ आजही फोनवर माझ्याशी जपून बोलतो, जणू माझं काहीतरी त्यानं घेतलंय. तसं काही नाही म्हणून मी किती वेळा सांगितलं, पण ते ओझं त्याच्याकडं राहिलंच.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी मामेबहीण. तिला बेंगलोरहून ऑफर आलीय, आणि इकडं स्पर्धा परीक्षेत मेन्सपर्यंत पोचलीय, अजून एक प्रयत्न द्यावा असं तिला वाटतं. घरात रोज कालवा. मामा म्हणतो हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, मामी म्हणते पोस्ट निघाली तर आयुष्याचं सोनं होईल. परवा ती कारखान्यावर आली, माझ्यासमोर बसून म्हणाली, "अक्का खरं सांग बे, तुला परत आल्याचं वाईट वाटतं का नाही?" मी हो म्हणाले. "मग चुकलं का तुझं?" नाही म्हणाले. ती माझ्याकडं बघतच बसली, मग म्हणाली, असं कसं असतंय. मी तिला हे वर लिहिलंय तेच सगळं सांगितलं, जरा जास्तच बोलले असेन.

काय कर ते मी सांगितलं नाही आणि सांगणार पण नाही. फक्त जे कळण्यासारखं आहे तेवढं तरी आधी कळून घे म्हटलं, कंपनीचा बाँड आहे का, असेल तर किती वर्षांचा, तिकडं रूमचं भाडं देऊन हातात काय उरतं, नोकरी करता करता परीक्षा देणारं ओळखीचं कुणी आहे का, आणि घरचे अजून एक वर्ष खरंच निभावतील का, हे मामीला नाही तर मामाला विचार, कारण पैशाचं त्याला माहीत असतं. सोमवारी तिला कंपनीला कळवायचंय. काल रात्री तिचा मेसेज आला, बाँड दीड वर्षाचा आहे म्हणे, आणि मामाशी बोलायला आज संध्याकाळी मी पण यावं असं तिचं म्हणणं आहे, तर आता कारखान्यातनं निघतेच आहे.