भांडी बाजारातल्या आमच्या चोपड्या संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिल्या, त्याचा अनुभव

बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्या दुकानाच्या जुन्या चोपड्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, प्रदर्शनात कशा गेल्या, कोणाला भेटावं लागतं, परत मिळतात का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, कारण जुन्या नाशकात वाड्यांच्या माळ्यावर असे कागद अजून पुष्कळ घरांत पडून आहेत आणि वाडा उतरवायची वेळ आली की सगळ्यात आधी तेच रद्दीत जातात, हे मी स्वतः बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

आमच्या पणजोबांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, चोपड्या मात्र काकांनी सांभाळल्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, मधोमध दुमडून दोऱ्याने बांधायच्या, आत सगळी मोडी, म्हणजे पूर्वी मराठी लिहायची ती जुनी लिपी. घरात आता कोणालाच वाचता येत नाही. संग्रहालयाचं जुन्या बाजारपेठांवर प्रदर्शन ठरत होतं, तराजू, वजनं, मापं, हिशेबाच्या वह्या असं सगळं, त्याच्या जोडीला रविवारी मोडी वाचन आणि एक पांडवलेणीची सहल, आणि लोकांनी घरातल्या वस्तू द्याव्यात असा मेसेज वहिनीने मला पाठवला.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तू उचलून थेट न्यायची नाही. आधी फोटो पाठवायचे. बाहेरून एक, पहिल्या पानाचा एक, फाटलंय किंवा डाग आहे तिथला एक, आणि शेजारी पट्टी ठेवून एक म्हणजे आकार कळतो. सोबत चार ओळी, की हे कोणाचं, कुठलं, घरात कसं आलं. या चार ओळींना फार किंमत आहे, कारण संग्रहालयाच्या क्युरेटर मॅडम म्हणाल्या की चोपडी कुठल्या पेठेतली, कोणत्या धंद्याची हे माहीत असेल तर तिच्यातली नोंद बोलते, नाहीतर नुसता जुना कागद उरतो.

मॅडमनी फोनवरच बजावलं की काही साफ करू नका. आमच्या आईचं अगदी ठरलं होतं की गच्चीवर ऊन दाखवायचं आणि डांबराच्या गोळ्या टाकायच्या, ते थांबवलं. उन्हाने कागद कडक होऊन तुकडे पडतात, सेलोटेपचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात मुरतो, लॅमिनेशन केलं तर तो कागद परत मोकळा करणं जवळजवळ अशक्य, आणि रबरबँड वितळून चिकटतात. हे सगळं लोक प्रेमापोटी करतात हो, पण नका करू. सुती फडक्यात सैल गुंडाळा, आडवं ठेवा, जमिनीपासून वर ठेवा, एवढं पुरे आहे.

मग घरातल्यांची संमती, आणि इथे खरा वेळ गेला. काकांना वाटायचं एकदा दिलं की गेलं. त्यांना समजावताना कळलं की देण्याचे दोन प्रकार आहेत, एक कायमचं दान आणि दुसरं लोनवर, म्हणजे मालकी आपलीच, ठराविक मुदतीसाठी द्यायचं आणि परत घ्यायचं. आम्ही लोनवर दिलं. पण मालक कोण हे कागदावर लागतं, म्हणून काका, बाबा आणि आत्या तिघांच्या सह्यांचं संमतीपत्र केलं. चुलत भाऊ अमेरिकेत असतो, त्याचं म्हणणं की एक पान मला पाठवा, फ्रेम करून लावतो. त्याची भावना समजते, पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं येतात, ती अशी परदेशात पाठवता येत नाहीत. आणि बांधणीतलं पान काढायचं म्हणजे चोपडीच मोडायची. त्याला चांगला स्कॅन पाठवला, तो खूश आहे.

चोपड्या पोचवायच्या दिवशी खोक्यात जुन्या सुती साड्या घालून आडव्या नेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची शाई आणि आम्लता दोन्ही कागदाला बाधतात. तिथे मोठ्या टेबलावर प्रत्येक चोपडी उघडून तिची स्थिती लिहून घेतली, पानं किती, कोपरे कुठले गेलेत, कसर कुठे लागलीय, पहिल्या पानावर वहीपूजनाचं हळदकुंकू, आणि खालच्या दोन चोपड्यांवर तळापासून चार बोटं वर एक तपकिरी रेघ. १९६९ च्या महापुरात दुकानात गोदावरीचं पाणी शिरलं होतं तेव्हाची ती रेघ, काकांनी बोट ठेवून सांगितलं की वरच्या फळीवरच्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. तेही फॉर्ममध्ये लिहिलं गेलं. हा रिपोर्ट दोन्ही बाजूंनी सही करून आपल्याकडे एक प्रत ठेवायचीच. परत घेताना यावरूनच ताडून बघायचं असतं. पोच घेतल्याशिवाय काहीही सोडून येऊ नका, ओळख कितीही असो.

अॅग्रीमेंटमध्ये मुदत, परत करण्याची तारीख, विम्यासाठीची किंमत, फोटो कुठे वापरणार आणि पाटीवर नाव कसं लिहायचं हे सगळं असतं, नीट वाचा. किमतीवर काका अडले, म्हणाले पणजोबांच्या अक्षराची किंमत मी काय सांगू. मॅडमनी सांगितलं की ही विक्रीची किंमत नाही, फक्त विम्याचा आकडा आहे, मग ते तयार झाले. पाटीवर आम्ही घराण्याच्या नावाऐवजी भांडी बाजाराचं नाव मोठं घालायला सांगितलं.

बाहेरून आलेला कागद थेट दालनात नेत नाहीत, आधी वेगळा ठेवून कसर-बुरशी आहे का बघतात, त्यामुळे लगेच मांडलं नाही म्हणून घाबरू नका. आणि दालनात उजेड कमी वाटतो तोही मुद्दाम असतो. कागदासाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत ठेवतात कारण उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. चोपडी पूर्ण सपाट उघडत नाहीत, दोन्ही बाजूंना टेकू देऊन अर्धवट उघडी ठेवतात आणि काही दिवसांनी पान बदलतात.

मोडी वाचनाच्या रविवारी मात्र मला रडू आलं. वर श्री, मग ओळभर आधी एकच रेघ ओढलेली, अक्षरं त्या रेघेखाली एकमेकांत गुंतलेली, शब्द कुठे संपतो ते दिसतच नाही. शिकवणाऱ्या बाईंनी बोट फिरवत वाचलं, शके १८४२, म्हणजे १९२०, तांब्याचे घंगाळ नग १, वजन ६॥ शेर. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, एक म्हणजे पाव, आणि दोन रेघांपुढे एक म्हणजे पाऊण. हे एकदा कळलं की आकडे आपले आपल्याला वाचता येतात, माझ्या मुलीने पुढच्या ओळी स्वतः लावल्या. खाली एका उधारीवर व्याज होतं, दरमहा शेकडा ॥।, शंभराला पाऊण रुपया.

ही उधारी लक्षात ठेवा, कारण पुढच्या आठवड्यात पांडवलेणीला गेलो आणि १० नंबरच्या लेणीत मॅडम भिंतीपाशी थांबल्या. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे तिथे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे ठेवले, २००० एका श्रेणीकडे शंभराला महिन्याला एक या दराने, १००० दुसरीकडे शंभराला पाऊण. मूळ रक्कम कधी काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रासाठी. आणि हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, असंही लिहिलंय. काका बराच वेळ लेखाकडे बघत उभे होते, मग म्हणाले, "अगं, हीच पाऊण टक्क्याची चाल आपल्याकडे." साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांचं अंतर, गाव तेच. गोवर्धन तर आपल्या गंगापूर रोडच्या पुढचं. माझं म्हणणं एवढंच की ही ओळख घरच्या चोपडीमुळे झाली, नाहीतर लहानपणापासून पांडवलेणीला किती वेळा गेलोय, पायऱ्या चढायच्या, वारा खायचा, खाली उतरायचं.

म्हणून सहलीला जाणार असाल तर आधी प्रदर्शन बघा आणि मग लेणी, उलट नको. पहाटे निघा, पायऱ्यांवर नंतर ऊन तापतं, आणि ज्येष्ठ असतील तर टप्प्याटप्प्याने चढा. लेखाला हात लावू नका, मुलांनाही सांगा. टॉर्च तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात.

आता पुढची सहल अंजनेरीची ठरतेय, त्र्यंबक रोडला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे १९८० पासूनची, तिचं नाण्यांचं संग्रहालय बघायचं. निघायच्या आधी जोगळटेंभीच्या खजिन्याबद्दल वाचून या, सिन्नर तालुक्यात १९०६ मध्ये सापडलेला, नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. म्हणजे ज्याच्या जावयाने विणकरांकडे ठेव ठेवली त्याच नहपानाची नाणी.

काकांनी आता पुराची रेघ असलेल्या दोन्ही चोपड्या दान करायचं ठरवलंय, त्याचे फॉर्म वेगळे असतात, ते झाले की तेही लिहीन. तुमच्याकडे मोडी कागद असतील तर आधी फोटो काढा, माळ्यावरून खाली आणा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारून ते कुठले हे आजच लिहून ठेवा.