टॉवेलचा फेटा आणि 'गांजी'ची मुलं

मी ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात राहते. कार्निव्हलच्या रविवारी सकाळी शेजारच्या आजीबाईंनी दार वाजवलं. हातात सुई-दोरा, मागे त्यांचा सहा फुटी नातू, आणि त्याच्या खांद्यावर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. म्हणाल्या, "तू इंडियाची ना? याला पगडी बांधून दे."

आता काय सांगणार? आमच्याकडे लग्नात फेटे बांधायला माणूस बोलावतात, तो माणशी पैसे घेतो आणि तासाभरात पन्नास डोकी उरकतो. मी आयुष्यात फक्त त्याच्यासमोर बसलेली. तरी देशाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून टॉवेल हातात घेतला. दोनदा गुंडाळला, दोनदा घसरून त्याच्या नाकावर आला. आजीबाई हसल्या, नातवाला स्टुलावर बसवलं आणि टॉवेलच्या घड्या घालून तो चक्क डोक्यावरच शिवून टाकला. पुढे निळ्या खड्याची पिन. त्या दिवशी शहरभर हेच चाललेलं असतं: रस्त्याकडेला बायका सुया घेऊन बसलेल्या, समोर पुरुषांची रांग.

ही सगळी तयारी 'फिल्यूस जी गांजी' या कार्निव्हलमधल्या ताफ्यासाठी. म्हणजे 'गांधींची मुलं'. इथे साल्वादोरला 'दि'चा 'जि' होतो, त्यामुळे आपले गांधी 'गांजी' झालेत. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला उच्चार सुधारून देत होते. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा 'गांजी'च म्हणायचे.

खरं सांगते, मला हा प्रकार आधी आवडला नव्हता. पांढऱ्या चादरी नेसलेले हजारो पुरुष, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, सोबत उंट आणि हत्तीच्या प्रतिकृती. उंट! पंचा नेसलेल्या माणसाच्या नावाने मुंडाशी आणि उंट? त्यात बायकांना मिरवणुकीत जागा नाही, त्यांनी कडेला उभं राहायचं, आणि माळ हवी असेल तर बदल्यात मुका द्यायचा अशी रीत. पुण्यातल्या पथकांत मुली कमरेला ढोल बांधून चार-चार तास वाजवतात हो, असं मी ऑफिसात ऐकवून आले. (बायकांचा वेगळा गट १९७९ साली निघाला, हे मला ऑफिसातल्याच एकीने परत ऐकवलं. आपल्या पथकांत मुली कधीपासून आल्या, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.)

गोष्ट १९४९ ची आहे. गांधीहत्येला जेमतेम वर्ष झालेलं. साल्वादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी कार्निव्हलला स्वतःचा ताफा काढायचं ठरवलं. संघटनांवर सरकारची नजर होती, काळे कामगार एकत्र जमले की पोलिसांच्या कपाळाला आठ्या पडत. तेव्हा वावा मादेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका कामगाराने गांधींचं नाव सुचवलं: शांततेचं नाव, त्याला कोण हात लावणार? पैसे नव्हते, म्हणून चादरी अंगाला गुंडाळल्या आणि टॉवेल डोक्याला. त्या चादरी बंदराजवळच्या कोठ्यांवरच्या बायकांकडून उसन्या आणल्या होत्या, असं इथे सांगतात, आणि न लाजता सांगतात. भांडणं नकोत म्हणून दारू वर्ज्य आणि बायकाही वर्ज्य. दुसऱ्या नियमावर माझा राग अजून आहे.

पण त्या नावाखाली जे रस्त्यावर आलं ते गांधींचं नव्हतंच. तो 'इजेशा' होता.

तुम्हाला ब्राझील म्हटलं की सांबा आठवतो, मलाही तेवढाच ठाऊक होता. इजेशा हा कांदोंब्ले नावाच्या धर्मातला ताल. आजच्या नायजेरियातल्या इलेशा भागातल्या योरुबा लोकांचं नाव त्याला मिळालं. गुलाम म्हणून जहाजातून इथे उतरवलेल्या माणसांनी बाकी सगळं गमावलं, पण देव आणि देवांचे ताल टिकवले. इजेशा मुख्यतः ओशुमचा. ही गोड्या पाण्याची देवी, हातात आरसा, अंगावर पिवळं. देवळातले बरेच ताल बारीक काठ्यांनी वाजवतात, हा मात्र हाताने. म्हणून त्याला धार नाही, एक मऊपणा आहे. मिरवणुकीत हे वाजवणाऱ्या गटाला 'अफोशे' म्हणतात. देऊळच रस्त्यावर आलंय असं समजा.

त्या रविवारी पेलोरिन्यूच्या चढावर मी उभी होते. पेलोरिन्यू म्हणजे फटके मारायचा खांब, चौकाचं नावच तसं आहे. आता तिथे रंगीत घरं आणि पर्यटक. निघण्याआधी एशू देवाला नैवेद्य दाखवतात, वाट मोकळी कर म्हणून. आपल्याकडे वेशीवर नारळ ठेवतात, तसंच. मग आधी कानावर आला अगोगो. लोखंडाचे दोन निमुळते शंकू एका दांडीला जोडलेले, एकाचा आवाज खालचा, एकाचा वरचा. काठीने वाजवायचा. टिण टिण, टोण टोण, पण त्यातलं वजन मला मोजता येईना. मी पायाने चार मात्रा धरल्या, तर घंटेचा जोर भलत्याच ठिकाणी पडायचा, आणि तरीही चौथ्या मात्रेनंतर सगळं जागेवर. मग शेकेरे: भोपळ्यावर मण्यांची जाळी, तो हलला की पावसाच्या सरीसारखा आवाज. आणि खाली अताबाके, म्हणजे उभे ढोल.

इथे माझी एक खोड मोडली. आपल्याकडे ताशा लहान, कडक, तो पुढे होऊन बोलतो, आणि मोठा ढोल मागून ठेका धरतो. इथे उलटं. तीन ढोलांतला सर्वांत मोठा, 'रुम', तो बोलतो. मधला आणि धाकटा इमाने-इतबारे तेच तेच वाजवत राहतात आणि थोरला अधूनमधून काहीतरी सांगतो. नाचणारे त्याच्याकडे कान देऊन पाय टाकतात. नाच तरी कसला, चालणंच ते, खांदे थोडे हलवत. मला आषाढातली दिंडी आठवली, टाळ-पखवाजावर पावली टाकत जाणारी. आवाज मोठा करायची कुणाला घाई नाही. आमच्या पथकांचा आवाज काळजात घुसतो हे मी आजही अभिमानाने सांगेन, पण पाऊण तासाने कान बंद होतात हेही खरं. इजेशा तीन तास ऐकला आणि डोकं दुखलं नाही.

हाच ढोल देवळात वाजवायचा तर बाहियात, म्हणजे साल्वादोर ज्या राज्यात आहे तिथे, १९७६ पर्यंत कांदोंब्लेच्या घरांना पोलिसांत नोंद करावी लागत असे. सत्तरच्या दशकात हा गांजीचा ताफाही मोडकळीला आला होता. लष्करी राजवटीत लंडनला हद्दपार झालेला गायक जिल्बेर्तो जिल परत आला, चादर नेसून त्यांच्यात सामील झाला, त्यांच्यावर गाणं केलं, आणि माणसं परत आली. पुढे तो देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला.

हे ऐकून मी शेजारच्या आजीबाईंना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडे असं वाद्यावर पोलीस वगैरे कधी नव्हतं. म्हटलं आणि जीभ चावली. आमच्या गावात हलगी वाजवणाऱ्यांना लहानपणी मी देवळाच्या पायरीखालीच उभं पाहिलंय. त्यांच्याशिवाय काही निघत नसे, आणि त्यांना आत कुणी बोलावत नसे. पोलिसांची गरजच नव्हती. हे मी आजीबाईंना सांगितलं नाही. इंडियाचं सगळंच काय सांगायचं.

तेवढ्यात नातवाच्या रांगेतल्या एकाने माझ्यावर लव्हेंडरचं पाणी शिंपडलं. हे सगळेच शिंपडतात, लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं. मग माळ पुढे केली आणि गाल पुढे केला. मी हात जोडले. तो क्षणभर गोंधळला, मग त्यानेही जोडले आणि माळ माझ्या गळ्यात घातली. फुकट.

कार्निव्हल नेहमी अमावास्येच्या आसपास येतो, म्हणजे बहुतेक वर्षी पंधरा दिवसांनी आपला शिमगा. आता थोड्याच दिवसांत रत्नागिरीकडे पालखी नाचेल हे आठवलं की मला इथे घास गिळत नाही. म्हणून तिथेच उभ्या-उभ्या दोन मिनिटं रेकॉर्ड करून बाबांना पाठवलं. त्यांनी पन्नास वर्षं पालखीला खांदा दिलाय. संध्याकाळी उत्तर आलं: "ढोल बरा आहे. बसका आहे, पण बरा आहे. सनई कुठाय?"