तुम्ही विचारलंत म्हणून: जुना जीझेड३४ की नवा?

"मुलार्डचा जुना जीझेड३४ मिळतोय, घेऊ का? की नवा चालेल? आवाजात फरक पडतो ना?" जीझेड३४ म्हणजे अँपातला रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह; मुलार्ड ही तो बनवणारी जुनी ब्रिटिश कंपनी. नाशकात व्हॉल्व्हचा अँप बाळगणारा जो भेटतो तो हेच विचारतो, आणि विचारताना उत्तर त्याचं ठरलेलंच असतं. त्याला फक्त होकार हवा असतो. मी उलट विचारतो, सॉकेटवर हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला, किती व्होल्ट येतात? की समोरचा गप्प.

तर आधी तेच. या व्हॉल्व्हचा हीटर ५ व्होल्ट, १.९ अँपिअरचा. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर गेला की जुना काय, नवा काय, दोघांचंही आयुष्य घटतं. जुन्या अँपचा ट्रान्सफॉर्मर २२० च्या टॅपवर (मेन्स जोडायच्या टोकावर) जोडलेला असतो. रात्री उशिरा लोड उतरून लाइन २४५ वर गेली, की हीटरवर ५.५७ व्होल्ट. टॅप २४० चा असेल तर तिथे हलवा, हजारो रुपये वाचतील. मोजताना २ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये मोजा, पण लक्षात ठेवा, कॅथोड (ज्यातून इलेक्ट्रॉन निघतात तो भाग) आत हीटरलाच जोडलेला आहे. म्हणजे त्या दोन्ही पिना चासीच्या मानाने चारशे व्होल्टवर असतात. एक हात खिशात.

आता आवाज. रेक्टिफायरमधून गाणं जात नाही. तो बदलला की बदलतं ते एचटी व्होल्टेज (व्हॉल्व्हना पुरवलं जाणारं उंच डीसी), आणि लोड वाढल्यावर ते किती बसतं तेवढंच. जीझेड३४ चा ड्रॉप (तो स्वतःच खातो ते व्होल्टेज) २२५ मिलिअँपला साधारण १७ व्होल्ट, ५यू४जी या दुसऱ्या रेक्टिफायरचा तेवढ्याच करंटला ४४. एकाच्या जागी दुसरा खोचला, एचटी पंचवीस-तीस व्होल्टनी उतरलं, आउटपुट व्हॉल्व्हचं बायस (किती करंट ओढायचा ते ठरवणारं व्होल्टेज) सरकलं, आणि मंडळी म्हणतात 'जुन्याचा गोडवा'. शिवाय ५यू४ च्या फिलॅमेंटला ३ अँपिअर लागतात. ट्रान्सफॉर्मरचं ५ व्होल्टचं वायंडिंग २ अँपिअरचं असेल तर ते तापून जळतं. आणि तो काही सेकंदांतच चालू होतो, आउटपुट व्हॉल्व्ह अजून थंड असतात. ३५०-०-३५० च्या (मध्यापासून दोन्हीकडे ३५० व्होल्टच्या) वायंडिंगवर लोड नसताना ४९५ व्होल्ट चढतात आणि कंडेन्सरवर छापलेलं असतं ४५०. 'पिन जुळतात, म्हणजे चालतो' असं नसतं.

हे सगळं बरेच जण ऐकून घेतात. खरी वाट लागते ती दुसरीकडेच, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मेअखेरीची संध्याकाळ, गंगापूर रोडला वळवाचं वारं सुटलंय, अँप तासभर तापलेला. लाइट जाते आणि पाच-सहा सेकंदांत परत येते. इन्व्हर्टरवर असाल तर हरकत नाही, त्याचा खंड क्षणाचाच असतो, कंडेन्सर भरलेलाच राहतो. पण थेट लाइनवर काय होतं बघा. आउटपुट व्हॉल्व्ह गरम असल्याने करंट ओढतच राहतात. फिल्टरचे सगळे कंडेन्सर मिळून १५० मायक्रोफॅरड आणि करंट १२० मिलिअँप धरला, तर चारशे व्होल्ट साधारण सेकंदाभरात बहुतांश उतरतात. रेक्टिफायरचा कॅथोड मात्र दहा-वीस सेकंद तापलेलाच राहतो. लाइट परत येते तेव्हा समोर रिकामा कंडेन्सर, म्हणजे जवळपास शॉर्ट. एरवी चालू करताना कॅथोड हळूहळू तापतो आणि करंटला आवर बसतो, आता तो आवर नाही. ७५० मिलिअँपच्या पीक मर्यादेच्या व्हॉल्व्हमधून काही अँपिअर धावतात. कॅथोडवरच्या पांढऱ्या लेपाचा कपचा उडतो, काचेच्या आत निळा लखलखाट होतो, प्लेट (कॅथोडभोवतीचा पत्रा) आणि कॅथोड शॉर्ट होतात. मग कंडेन्सरवर एसी जातं, तो फुगून फुटतो, आणि फ्यूज कोणीतरी जाडा लावलेला असेल तर ट्रान्सफॉर्मरचं अर्धं वायंडिंग जातं. हा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणं व्हॉल्व्हपेक्षा महाग पडतं.

साठ वर्षांचा व्हॉल्व्ह असो की कालचा, त्या क्षणी दोघांचंही तेच. रेक्टिफायर आणि पहिल्या कंडेन्सरच्या मध्ये कोणी हौसेने लावलेला स्टँडबाय स्विचही दर वेळी हेच करतो. तो आधी काढा.

उपाय महाग नाही. पहिलं, प्रत्येक प्लेटला किमान रेझिस्टन्स मिळतोय का ते काढा: ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या सेकंडरीचा (एचटीच्या वायंडिंगचा) ओहम, अधिक टर्न-रेशोचा (अर्ध्या सेकंडरीचे व्होल्ट भागिले मेन्सचे) वर्ग गुणिले प्रायमरीचा (मेन्सकडच्या वायंडिंगचा) ओहम. अर्धी सेकंडरी ५५, प्रायमरी ८, रेशो १.७४, म्हणजे ७९ ओहम. डेटाशीटला ४०० व्होल्टसाठी १२५ हवेत. म्हणून ४ आणि ६ नंबरच्या, म्हणजे प्लेटांच्या, पिनांना प्रत्येकी ४७ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडच्या वर नको. सेंटर टॅपमध्ये (सेकंडरीच्या मधल्या तारेत) स्लो-ब्लो फ्यूज. आणि अँपच्या मेन्सला पंपाच्या स्टार्टरसारखी सोय: २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर, हिरवं-लाल बटण. लाइट गेली की तो सुटतो, परत आली तरी हिरवं दाबल्याशिवाय लागत नाही. मिनिटभर थांबून दाबा.

एवढं केलंत की मग खुशाल जुना घ्या, पण तपासून. हीटरला ५ व्होल्ट द्या, मिनिटभर तापू द्या, करंट लिमिट लावलेल्या ३० व्होल्टच्या डीसी सप्लायने एकेका प्लेटमधून २२५ मिलिअँप काढा. १७ च्या आसपास ड्रॉप आणि दोन्ही प्लेटा सारख्या, तर माल चांगला. एकीला १७, दुसरीला २६ असेल तर परत द्या, खोकं कितीही जुनं दिसो. खोक्यावर तर जाऊच नका. मुलार्ड नाव आज रशियात बनणाऱ्या व्हॉल्व्हवरही छापतात. मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न कारखान्याचा असेल तर बुडाजवळ काचेवर कोरलेला कोड असतो, दुसऱ्या ओळीची सुरुवात 'बी' ने, पुढे वर्षाचा आकडा. वर छापलेली अक्षरं अंगठ्याने पुसली जातात.

यावर मीच पूर्वी सरसकट 'नवाच घ्या' म्हणत आलोय, आणि ते मागे घेत नाही. पण चांगल्या अवस्थेतले जुने अजूनही काम देताना दिसतात, काही नवे पहिल्याच उन्हाळ्यात ठिणग्या टाकतात, हेही खरं. आणि रेझिस्टर घालून एचटी व्होल्टभरात जुळवल्यावरही 'फरक आहेच' म्हणणारे आहेत. व्हॉल्व्ह बदलून, तापवून, पुन्हा ऐकेपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, तोवर कानाला आधीचं किती आठवतं? मी त्यांना खोटं ठरवू शकत नाही. त्यांनाही खरं ठरवता आलेलं नाही.