आमची वाटचाल : फाउंड्रीत ओतलेला खलबत्ता

कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेथिकमध्ये कशी काय आली असं सगळे विचारतात, तर ते सगळं फाउंड्रीमुळं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यामुळं. बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे होते, 1962 च्या कायद्यानंतर इंग्लंडला यायला कामाचं व्हाउचर लागायचं ते त्यांना मिळालं आणि 1963 ला खिशात तीन पौंड घेऊन आले. इथं फाउंड्रीत निम्मी माणसं पंजाबी, जालंधर-होशियारपूरकडची, मराठी म्हणून एकटे बाबाच. एका घरात बारा-चौदा जण, दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा, गादी कधी गार म्हणून होत नव्हती.

दिवस काही बरे नव्हते. 1964 च्या निवडणुकीत इथं काळ्यांच्या विरोधात उघड प्रचार झाला आणि तो उमेदवार, पीटर ग्रिफिथ्स, निवडून पण आला. पबच्या चांगल्या खोलीत आपल्याला बसू द्यायचे नाहीत. मार्शल स्ट्रीटवरची घरं विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यायची असा कौन्सिलचा बेत होता, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जौहल यांनी अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी माल्कम एक्स यांना बोलावलं, 12 फेब्रुवारी 1965 ला ते त्या रस्त्यावरून चालले आणि नऊच दिवसांनी न्यूयॉर्कला त्यांना गोळ्या घातल्या. बाबांची त्या दिवशी पाळी होती, बघायचं राहून गेलं, ही हळहळ शेवटपर्यंत.

1966 ला आई आली. मिरच्या मिळाल्या पण त्या कांडायचा डंक कुठून आणायचा, मग बाबांनी फोरमनची नजर चुकवून फाउंड्रीतच बिडाचा खलबत्ता ओतला आणि बसमधून मांडीवर घेऊन आले, उचलायला दोघं लागायचे. खोबरं म्हणजे केकसाठी मिळतो तो पाकिटातला कीस. आई कांडायला बसली की शेजारची म्हातारी भिंतीवर धपाधपा मारायची (तिला दोष देत नाही, घर हादरायचं). बाबा डब्यात चटणी न्यायचे ती पंजाबी मंडळींना आवडली, मग डबे, मग बरण्या, मग उधारीची वही. वहीत नावं कमी आणि 'हिरवा दरवाजा', 'क्रेनवाला' असलंच जास्त. 15 फेब्रुवारी 1971 ला शिलिंग गेले तेव्हा सगळी उधारी नव्या पेन्समध्ये मांडायला दोन रात्री गेल्या, पण बाबांनी आपल्याकडे आणे जाताना बघितलेले त्यामुळं ते काही घाबरले नाहीत.

1981 ला फाउंड्री बंद पडली. हातात जी रक्कम आली त्यातून ग्राइंडर आणि एक गाळा घेतला, आज आम्ही सहाजण आहोत. मध्ये एका मोठ्या दुकानानं तिखट कमी करा म्हणून माल परत पाठवलेला, सहा महिने फार वाईट गेले, पण केलं नाही कमी.

बरणीवर आईनं दिलेलं नाव होतं, ते पंजाबी गिऱ्हाइकांच्या तोंडात कधी बसलंच नाही, सगळे 'ओ लाल वाली' म्हणूनच मागतात. गेल्या वर्षी मी लेबलवर मोठ्या अक्षरात तेच छापलं. आई अजून त्यावरून बोलते.