चप्पल घालू का त्याला?

"कुत्राच आहे तो, आता काय चप्पल घालू का त्याला?"

भर दुपारी खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या लॅब्राडोरला डांबरी रस्त्यावरून फिरवत होते आणि तो बिचारा एकेक पाय उचलत नाचल्यासारखा चाललेला, जीभ हातभर बाहेर. मी म्हटलं काका, हाताची मागची बाजू ७ सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला सहन झालं नाही तर त्याचेही पंजे भाजतात, त्यात कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच गार व्हावं लागतं वगैरे वगैरे. (ज्ञान पाजळायची खोड आहेच मला.)

काका शांतपणे म्हणाले, "आणि तुझा कुत्रा सकाळी ९ पासून दाराशी एकटा रडत असतो, ते ऐकू येतं आम्हाला. मी निदान बाहेर तरी काढतो."

काय बोलणार?

घरी आले. दाराच्या आतल्या बाजूला खाली नखांचे ओरखडे, वीतभर रंग उडालाय. रोज बघते मी ते, आणि रोज मनात एवढंच येतं की पेंटरला बोलवायचंय.

लस वेळेवर, खाणं वेळेवर, म्हणजे आपलं सगळं बरोबर असं धरूनच चालले होते मी. काकांचंही दुपारचं फिरवणं चूकच आहे हं, ते मी अजूनही म्हणेन!

नोकरीवाले लोक दिवसभर कुत्र्याचं काय करता तुम्ही?